सुतळी बांधलेलं कपाट

ऑफिसात त्याला सगळे दिवेवाला म्हणायचे. व्हिडिओ गेममधल्या खोल्यांत उजेड पाडायचं काम त्याचं. संगणकातल्या रिकाम्या खोलीत सूर्य कुठल्या बाजूला ठेवायचा, बल्ब कुठे टांगायचा, कुठला कोपरा अंधारात सोडायचा, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगाच नाही.

नवा गेम भुताखेतांचा होता. त्यात एक स्वयंपाकघर हवं होतं. "बघताक्षणी जीव नकोसा झाला पाहिजे," असं मास्तरांनी बजावलं होतं. मास्तर म्हणजे त्याचे वरिष्ठ. कुणी विचारो न विचारो, शिकवत सुटायचे, म्हणून ते नाव. या खेपेला खोलीही दिवेवाल्यानेच बांधायची होती. फार डोकं खाजवायला नको म्हणून एका सकाळी, आई भाजी आणायला गेली असताना, त्याने घरच्याच स्वयंपाकघराचे फोटो काढले. मूठ निखळलेलं, सुतळीने बांधलेलं कपाट. ओट्याची तडकलेली फरशी. शेगडीमागची काळपट भिंत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला आईने त्याची उंची मोजून मारलेल्या. त्याही त्याने गेममधल्या खोलीत जशाच्या तशा उतरवल्या.

मग उजेडाचं काम. खऱ्या स्वयंपाकघरात सकाळभर खिडकीतून ऊन येतं. त्याने सूर्य काढून टाकला, एकच हिरवट बल्ब खाली टांगला आणि कोपरे काळेभोर ठेवले. मास्तर खूश झाले.

"इथे राहणाऱ्यांनी आशाच सोडलीय असं वाटतं. कुठलं घर रे हे?"

"इंटरनेटवर सापडलं," तो म्हणाला. जिभेला हाड नसतं. सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसताच त्याला स्वतःची लाज वाटली. वाटली, पण बोललेलं काही त्याने परत घेतलं नाही.

वर्षातून एकदा घरच्यांना ऑफिस दाखवायची तिथे पद्धत होती. आई ठेवणीतले कपडे घालून आली. चोराच्या मनात चांदणं. इतक्या अंधारात ब्रह्मदेवालाही ते घर ओळखू यायचं नाही, अशी तो मनाची समजूत घालत होता. आणि झालंही तसंच. आईने पडद्याकडे पाहिलं, "किती गं बाई अंधार," म्हणाली आणि कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण मास्तरांना श्रोता मिळाला की राहवत नसे. "काकू, अंधार कसला, ही तुमच्या मुलाची करामत आहे. याचे दिवे काढले की खाली काय उरतं ते बघा," असं म्हणून त्यांनी कळ दाबली.

त्या सॉफ्टवेअरमध्ये हे रोजचंच. एक कळ दाबली की दिवे आणि सावल्या जातात, आणि खोली आपल्या मूळ रंगात लख्ख दिसते. दिवेवाला स्वतः ती कळ दिवसातून शंभरदा दाबायचा. नेमका तिचाच त्याला विसर पडला होता.

सुतळी दिसली. फरशी दिसली. चौकटीवरच्या रेघा दिसल्या, एकीवर एक.

आई पुढे झुकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "कुणाचं घर हो हे?"

"कुणाचंच नाही," मास्तर म्हणाले. "इंटरनेटवरून हुडकून काढलं पठ्ठ्याने. असं दरिद्री घर मिळायलाही नशीब लागतं."

आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं. आता बोलायलाच हवं होतं. आमचं आहे, एवढे दोनच शब्द. तेही त्याला म्हणवेनात. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"पण स्वच्छ ठेवलंय हो त्यांनी," आई म्हणाली.

परतताना ती ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्यांबद्दल बोलली, मास्तरांच्या टकलाबद्दल बोलली. स्वयंपाकघराचं तिने नावही काढलं नाही. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला, तर घरभर रंगाचा वास. शेगडीमागची भिंत पांढरी झाली होती. कपाटाला नवी चकचकीत मूठ होती. वर एवढा मोठा दिवा की डोळे दिपावेत. आई स्टुलावरून उतरत होती, केसांना रंग लागला होता. दाराची चौकटही तिने रंगवून काढली होती.

"आई, अगं हे कशाला केलंस?"

"करायचंच होतं कधीचं. राहून जात होतं." ती हात पुसत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता काढ फोटो. कुणी विचारलं तर आपलं म्हणून सांगता येईल तुला."

त्यात टोमणा नव्हता. तिने ते अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि ते त्याला सोसवेना. फोन खिशातच राहिला. तो चौकटीपाशी गेला आणि जिथे रेघा होत्या तिथे बोटं फिरवून त्या चाचपू लागला.

"हात नको लावूस," आई मागून म्हणाली. "अजून ओला आहे."