तिसऱ्या दिवसाचा ताप

मंगळवारी कापडे गावापलीकडच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सहा जणांनी पोलादपूरला जाऊन एकाच कुपीतून कोरोनाची लस घेतली. बुधवारी पाच जणांना ताप आला. गुरुवारी चौघांचा उतरला. शुक्रवारी सकाळी एकच उरला: आशासेविका ठमाबाईंचा, १०१.४, आणि सोबत कोरडा खोकला.

नर्स तेजश्री त्या खोकल्यापाशी अडली. लसीने ताप येतो, अंग मोडून येतं. खोकला येत नाही. तिने स्पिरिटची बाटली उघडून ठमाबाईंच्या नाकाशी धरली. त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि यात पाणी भरलंय का, असं विचारलं.

ताप आला म्हणजे लस लागू झाली, असं ठमाबाई स्वतःच वाडीत घरोघर सांगत फिरल्या होत्या. त्याच भरवशावर त्या कालपर्यंत बायकांच्या घोळक्यात बसून मुलाच्या लग्नाची हळद दळत होत्या. लग्न रविवारी. चाचणीत आजार निघाला तर घर चौदा दिवस बंद.

तो मुलगा, मोरू, आईला न्यायला आला तेव्हा तेजश्री चाचणीची पेटी उघडत होती. त्याने ती हाताने उडवली.

"लसीचाच ताप हाय. तसं लिवा नि सोडा तिला."

"लसीने खोकला येत नाही, मोरूभाऊ."

"मंग काय माझ्या हळदीनं येतो?"

ती पेटी उचलायला वाकली. त्याने तिचा अंबाडा धरून कपाळ वजनकाट्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यात आलं. सलाइनचा लोखंडी स्टँड त्याने फिरवला, कपाटाच्या काचा फुटल्या, दुसरा फटका तिने उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

तिसरा फटका पडला नाही. ठमाबाईंनी आपल्या बुडाखालचं लोखंडी स्टूल उचलून लेकाच्या गुडघ्यावर घातलं होतं. तो कोसळला. त्यांनी पुन्हा घातलं.

"मुडद्या, माझ्या मांडीला मांडी लावून आख्खी वाडी बसली व्हती."

मोरू काचांत पडून गुरासारखा ओरडत होता. ठमाबाई त्याच स्टुलावर बसल्या, खोकल्या, आणि मान मागे टाकली.

"घे गो तुझा नमुना."

तेजश्रीने डाव्या हाताने काडी नाकात घातली, फिरवली, द्रावणात बुडवली. तीन थेंब पट्टीवर टाकले. एक रेघ म्हणजे आजार नाही, दोन म्हणजे आहे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं: दहा वाजून चाळीस मिनिटं.

दहा पंचावन्नला पट्टीवर दोन रेघा होत्या.