जागेश्वर फक्त प्रश्न सांगत होता

माझ्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. उजव्याला आवाज येतो, पण त्यातले शब्द कळत नाहीत. समोरच्याचे ओठ मी सहा फुटांवरून वाचू शकते. मिशा भरघोस असतील तर तीनच. हे सगळं मी नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, फुटांसकट.

१९७४ च्या मार्चमध्ये सीताबर्डीतल्या एका औषध कंपनीने मुलाखतीला बोलावलं. प्रयोगशाळेत एकच जागा होती. सोबत मोठा भाऊ जागेश्वर आला. पाचपावलीत आमच्या घरी चार माग आहेत. धोट्याच्या खटखटीत कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलतात. मला कमी ऐकू येतं हे मी सात वर्षांची होईपर्यंत घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

टेबलापलीकडे तिघे होते. मधले साहेब खिडकीकडे पाठ करून बसलेले, त्यामुळे चेहऱ्यावर अंधार. त्यांनी काही विचारलं. मी म्हटलं, "पुन्हा सांगाल का?" ते पुन्हा बोलले, मला कळलं नाही. मग त्यांनी जागेश्वरला बाहेरून आत बोलावलं.

तो टेबलाशेजारी उभा राहिला. साहेबांचा प्रश्न ऐकायचा आणि मागावर सांगतात तसा मला सांगायचा. पाण्यातलं क्लोराइड कसं ओळखाल? मी म्हटलं, "सिल्व्हर नायट्रेट घालून. पांढरा साका येतो." दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर बरोबर होतं. तिसऱ्याला उजवीकडच्या गृहस्थांनी मान वर केली आणि जागेश्वरचे ओठ हलताना पाहिले.

"हा उत्तरं सांगतोय," ते म्हणाले. एवढं वाक्य मला स्वच्छ दिसलं.

"नाही जी, प्रश्न सांगून राहिलो तिले," जागेश्वर म्हणाला. "आम्ही मागावर असंच बोलतो."

"ही प्रयोगशाळा आहे," ते म्हणाले आणि हसले.

"तो चौथी शिकलाय," मी म्हटलं. "त्याला सिल्व्हर नायट्रेट हा शब्दसुद्धा आज पहिल्यांदा ऐकायला मिळाला. प्रश्न कागदावर लिहा, मी उत्तर देते."

जागेश्वरने मान खाली घातली. मग आवाज न काढता म्हणाला, "बस वं पुष्पे. हात जोड."

मधल्या साहेबांनी कुरकुरत माझ्या अर्जामागे लिहिलं : फोन आला तर काय कराल?

खाली मी लिहिलं : जाहिरातीत फोनचं काम नाही. रसायनशास्त्राचं विचारा.

त्यांनी पेन ठेवलं आणि जागेश्वरकडे वळून बोलू लागले. मला फक्त त्यांचा कान दिसत होता. जागेश्वर दोनदा मान हलवून माझी फाईल उचलायला आला.

"काय म्हणाले?"

"चाल. घरी सांगतो."

"इथंच सांग."

"पोरगी हुशार आहे म्हणते. पण लय बोलते म्हणते."

मी त्याच्या हातातून फाईल घेतली, एक कोरा कागद काढून साहेबांपुढे सरकवला. "नकाराचं कारण लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी टेबलावरच्या घंटीवर तळहात मारला. शिपाई आत आला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जे सांगायचं ते जागेश्वरला सांगू लागला.

मी खुर्ची सोडली नाही.