बाटलीतल्या दोन गोळ्या

बिशपांच्या रेडिओवरच्या चाळीस वर्षांचा ज्या कार्यक्रमात सत्कार झाला, त्याच कार्यक्रमात त्यांच्या हातून ती चूक झाली. चूक एका शब्दाची होती. तो शब्द म्हणजे ‘आमेन’.

सभागृह खचाखच भरलं होतं आणि सगळा कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवला जात होता. बिशपांनी सुरुवात केली तेव्हा पत्र्याची एक शेड होती आणि उपासनेला अकरा माणसं. आता दवाखाना होता, शाळा होती, शिवणवर्ग होता, मागच्या वस्तीत नळाला पाणी होतं. ज्यांना ज्यांना यातून काही मिळालं होतं ते पुढे येऊन साक्ष देत होते. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. या मंडळीत तिची एक रीत आहे. सांगणारा थांबला की आधी बिशप ‘आमेन’ म्हणतात, मग सगळे म्हणतात. बिशपांचं ‘आमेन’ म्हणजे शिक्का. तो बसला की साक्ष खरी.

सातवी साक्ष एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. बिशपांच्याच शिवणवर्गात ती शिकली होती आणि त्यांच्याच शाळेचे गणवेश शिवत होती.

“माझ्या मुंगीला दोन वर्षं आकडीच्या गोळ्या चालू होत्या,” ती माईक दोन्ही हातांत धरून म्हणाली. मुंगी म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी. क्षणभर एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलेलं. “बिशपबाबांचं जुनं प्रवचन ऐकलं आणि सगळ्या गोळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या. आज एकवीस दिवस झाले. एकदासुद्धा आकडी आली नाही!”

लोक उभे राहिले. बिशपांचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तिथे त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या; हळूहळू, नाही, नाही, अशी मान हलवत होत्या.

बिशपांनी ते पाहिलं. त्यांना ते कळलंही. पण बाई त्यांच्याकडे बघत उभी होती, लोक थांबले होते, आणि रेडिओवर शांतता पसरली होती. रेडिओवर काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती शांततेची असते. तीन सेकंद आवाज आला नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलं. चाळीस वर्षांत बिशपांनी अशी तीन सेकंदं कधी जाऊ दिली नव्हती.

“आमेन,” ते म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना जिन्याखाली गाठलं. “गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात. एकवीस दिवस गेले म्हणजे पुढचे जातील असं नाही. एखादी आकडी अशी येईल की थांबायचीच नाही. मी समजवायला तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिने दारच उघडलं नाही.”

“मी जातो उद्या,” बिशप म्हणाले. “माझं ऐकेल ती. माझं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकेल?”

दुसऱ्या दिवशी ते गेले. एकच खोली होती. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्या बाजूला निळ्या गणवेशांचा गुडघाभर ढीग, आणि ढिगाशेजारी जमिनीवर बसून दाताने दोरे तोडणारी मुंगी.

“दाताने नको गं, कात्री घे,” आई ओरडली आणि दारात बघून उठलीच. “अगंबाई, बाबा! आमच्या घरी! मुंगे, खुर्ची रिकामी कर. त्या बाह्या उचल आधी!”

बिशप बसले. इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी सांगून टाकलं, “पोरी, मुलीच्या गोळ्या आजच्या आज सुरू कर. मी काल आमेन म्हणालो ती माझी चूक झाली.”

बाई हसली. घाबरली नाही, रागावली नाही, हसली.

“तुम्ही येणार हे मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “मुंगे, चौथा भाग लाव.”

मुंगीने आईचा फोन उचलला आणि चार ठिकाणी बोटं मारली. खोलीत बिशपांचाच आवाज भरला, पण पस्तिशीतला, जाड, दणदणीत. त्या वयात ते छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते, आणि बरे झाल्यावर त्यांनी रेडिओवर सात भागांचं प्रवचन दिलं होतं. तेवढं लोकप्रिय त्यांचं दुसरं काहीच झालं नाही.

‘मी ती औषधाची बाटली उचलली आणि खिडकीतून भिरकावली!’ आवाज म्हणाला. मुंगी शब्दाला शब्द लावून ओठ हलवत होती. तिला सगळं पाठ होतं. ‘आणि ऐका. उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, मागे फिर. तुझा भाऊ येईल, तुझा डॉक्टर येईल. अरे, उद्या थकलाभागला म्हातारा होऊन मी स्वतः तुझ्या दारात आलो आणि म्हणालो मागे फिर, तरी माझं ऐकू नकोस!’

“बंद कर,” बिशप म्हणाले.

“बघा,” बाई म्हणाली. “तुम्हीच सांगून ठेवलंय.”

बिशपांनी कपाळ पुसलं. हे वाक्य ते साफ विसरून गेले होते. त्या दिवशी ते लिहूनही नेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं, गोड वाटलं, बोलून गेले.

“ऐक,” ते म्हणाले. “आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. त्या बाटलीत दोन गोळ्या उरल्या होत्या. दोनच. आठ महिने मी औषध नेमाने घेतलं होतं, आणि आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, आता बंद केलं तरी चालेल.”

“मग प्रवचनात तसं का नाही सांगितलं?”

बिशप म्हणाले, “सांगितलं असतं तर गोष्ट रंगली नसती.”

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता समजेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात तिने मान तिरकी केली आणि प्रेमाने म्हणाली, “बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. चेहरा बघा कसा पडलाय. परीक्षाच घ्यायची तर माझी घ्या, पण स्वतःला असं कमी कशाला करून घेता?”

चहा पिऊन बिशप परत आले. मुंगीचा बाप जहाजावर कामाला होता. त्यालाही त्यांनी फोन लावला. तो समुद्राच्या कुठल्या टोकाला होता कोण जाणे, आवाज तुटत होता. “तुम्ही आमेन म्हणालात ना बाबा? मी इथं फोनवर ऐकलं. मग झालं तर,” एवढं बोलून त्याने आनंदाने फोन ठेवला.

घरी बिशपांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही रेडिओवर बोलता तर चार लाख माणसं ऐकतात,” ती म्हणाली. “घरात बोलता तर मांजर ऐकत नाही. कुणाच्या खोलीत जाऊन बसू नका. बोलायचंच असेल तर रेडिओवर बोला.”

ते त्यांना पटलं. रेडिओ केंद्र त्यांचा जावई सांभाळत असे. सकाळी सहाच्या कार्यक्रमाला बिशप हातात कागद न घेता बसलेले बघून तो चपापला.

“मामा, थेटच बोलणार?”

“थेट.”

आणि ते बोलले. बाटलीचं, दोन गोळ्यांचं, आठ महिन्यांचं सगळं. लहान मुलांना समजावं इतकं सोपं करून. ‘औषध घेणं म्हणजे अविश्वास नाही. माझं चुकलं. जे औषध सोडून बसलेत त्यांनी आज दवाखान्यात जावं.’ शेवटी त्यांनी तीन सेकंदं मुद्दाम शांतता ठेवली. काचेपलीकडे जावई घाबरून हातवारे करत होता.

सातपर्यंत फोन खणखणायला लागले. जावयाने आलेले निरोप वाचून दाखवले. ‘बाबा दमलेत, त्यांच्यासाठी उपास करू या.’ ‘बाबा आमची परीक्षा घेतायत, आम्ही डगमगणार नाही.’ एकाने तर विचारलं होतं, ‘बाबांच्या तोंडून हे बोलतंय कोण?’ आणि शंभराहून जास्त लोकांनी लिहिलं होतं, चौथा भाग पुन्हा ऐकवा.

“चौथा भाग काढून टाक,” बिशप म्हणाले.

“आपल्याकडचा मघाशीच काढलाय, मामा. पण तो लोकांच्या फोनमध्ये आहे. तिथून कसा काढू?”

दुपारी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की तीन जण औषधाला परत आलेत. एक साखरेचा आजार असलेला म्हातारा आणि दोन बायका. बिशपांनी विचारलं, “आणि ती?”

“नाही.”

मग बिशप रोज जाऊ लागले. खिशात गोळ्यांचं नवं पाकीट ठेवत, खुर्चीवर बसत. बाई यंत्र चालवत राही, मुंगी त्यांना शाळेतलं गणित विचारी. “आजोबा, तुम्हाला भागाकार येत नाही का? एवढे मोठे बिशप!” एकदा तर बाईने त्यांना बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायला बसवलं. ती त्यांचं सगळं ऐके. जेव म्हटलं की जेवे, कर्ज काढू नकोस म्हटलं तर मान डोलावे. गोळीचं नाव काढलं की मात्र तेच हसू. डॉक्टरीणबाईंनी बिशपांना शिकवून ठेवलं होतं: आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर थेट रुग्णालय.

पाचव्या दिवशी दुपारी मुंगी भागाकार करता करता थांबली. पेन्सिल हातातच होती. नजर भिंतीवर कुठेतरी खिळली, आणि ती बाजूला कलली.

बिशप वयाला न शोभेल अशा वेगाने खाली बसले. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली निळ्या गणवेशाची घडी सारली, दुसऱ्या हाताने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “निघाले,” त्या म्हणाल्या, “अर्धा तास लागेल. घड्याळ बघत राहा.” मुलीचं सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. ओठ निळसर पडले होते. हजारो माणसांच्या डोक्यावर ठेवलेले बिशपांचे हात तिचे खांदे नुसते सांभाळत होते. त्याहून जास्त त्यांना काही करता येत नव्हतं.

“प्रार्थना करा बाबा!” आई ओरडली. “हात ठेवा, मोठ्याने बोला!”

बिशपांनी तोंड उघडलं नाही. आता मोठ्याने प्रार्थना केली आणि मुलगी शुद्धीवर आली, तर ही जन्मात गोळी देणार नाही. आणि आकडी बहुतेक वेळा आपणहून थांबते, हेही त्यांना शिकवलेलं होतं. ते घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट. दोन. अडीच.

झटके कमी झाले. थांबले. मुंगीने एक लांब श्वास घेतला आणि ती घोरू लागली.

“स्तुती असो!” आईने जमिनीवर डोकं टेकलं. “ही शेवटची होती. जाताना आजार दार आपटून जातो, तुम्हीच सांगितलंय पाचव्या भागात.”

“पोरी, मी प्रार्थना म्हटली नाही. बघितलंस ना तू? माझे ओठसुद्धा हलले नाहीत. ती आपणहून थांबली, आणि आपणहून परत येईल.”

“मनात केली असेल.”

बिशपांना ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढं एक ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित काम झालं असतं. पण ते खोटं ठरलं असतं. आणि खोट्याने काय होतं ते त्यांच्यासमोर जमिनीवर निजलेलं होतं.

“केली,” ते म्हणाले. “पण तू हिला गोळी द्यावीस, एवढंच मागितलं मी देवाकडे. दुसरं काही नाही.”

बाईने वर बघितलं. तिचे गाल ओले होते आणि चेहरा उजळलेला. “मग ती नाही ऐकली त्यानं, बाबा,” ती हळुवारपणे म्हणाली, जसं एखाद्या लहान मुलाला समजवावं. “माझी ऐकली.”

बिशपांनी खिशातलं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते दोन्ही हातांनी नम्रपणे घेतलं आणि यंत्रावर ठेवून दिलं, बटणांच्या डब्याशेजारी.

थोड्या वेळाने मुंगीने डोळे उघडले. जीभ जड होती. “आई,” तिने विचारलं, “आजोबा का रडतायत?”

“आनंदाने, बाळा,” आई म्हणाली.