अष्टमीला होडीत चढलेला कॉम्प्युटर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही आधी बसला नव्हता. पण कळव्याच्या मच्छीमार सोसायटीचा जुना कॉम्प्युटर एकदा होडीत बसून खाडीत फिरून आला आणि त्यामुळे सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी आपला निर्णय फिरवला.

हे मी नव्याण्णवच्या डिसेंबरात, सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं. टेबलावर नवा कॉम्प्युटर अजून खोक्यातच होता. जुना कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून. प्रश्न एवढाच होता की नव्यापुढे बसायचं कुणी. चेअरमन महिपतच्या मनात त्याचा मेहुणा गुणाजी होता. गुणाजीचं ठाकुर्लीला झेरॉक्सचं दुकान, आणि तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट त्यानं फ्रेम करून आणलं होतं. महिपत ती फ्रेम छातीशी धरून बसला होता. जुन्यापुढे सहा वर्षं बसलेली जनाबाई शेवटच्या बाकावर होती. तिच्याकडे फ्रेम नव्हती. खुर्ची गेली की तिला पुन्हा मासळीची टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसावं लागणार होतं.

"जनाबाई, काय बोलायचंय का?" महिपतनं विचारलं.

"मी काय बोलू? तुम्ही ठरवा."

"मग मी बोलतो," मी म्हणालो. मी डोंबिवलीचा, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला. तो जुना कॉम्प्युटर सोसायटीला मीच मिळवून दिला होता.

"अण्णा, थोडक्यात हां," पुढच्या बाकावरून भिवा म्हणाला. तीस वर्षं खाडीत होडी घालणारा माणूस.

"भिवा, जनाबाई दर सोमवारी भरती-ओहोटीचा तक्ता छापून धक्क्यावर लावते, त्याला तू हसतोस की नाही?"

"हसणारच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पुनवेला सव्वाअकरा. त्याला कॉम्प्युटर कशाला?"

"मिनिटं कळायला."

"मासळीला मिनिटं कळतात का?"

सभा हसली. हसलेली सभा ऐकून घेते, म्हणून मी पुढे निघालो.

त्या मशीनवरची सिस्टिम विकतची नव्हती. देशोदेशीची माणसं फावल्या वेळात ती लिहायची आणि कुणालाही उघडून बघू द्यायची, बदलू द्यायची. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात त्यांची सगळ्यांना ईमेल आली: डिस्क जोडायचं अमुक जुनं कार्ड अजून कुणी वापरतं का? पंधरा दिवसांत कुणी त्यावर नवी आवृत्ती चालवून दाखवली नाही, तर त्याचा सपोर्ट काढून टाकू. आता ते कार्ड नेमकं आमच्या मशीनमध्ये. सपोर्ट गेला की नवी आवृत्ती चालणार नाही, आणि सन दोन हजारच्या तारखा दुरुस्त झाल्या होत्या त्या नव्या आवृत्तीतच. जानेवारी लागताच जनाबाईचा तक्ता एकोणीसशे सालचा निघाला असता.

"पाणी तेच असतंय," भिवा म्हणाला.

"मुदत संपत होती गोकुळाष्टमीला. सोसायटीला सुट्टी, कळव्यात सकाळपासून लाइट नाही, आणि नवी आवृत्ती त्या मशीनवर तयार व्हायला लागतात सहा तास. मी होडीवाल्या दामाजीला बोलावलं. दामाजी आज नाही, नाहीतर साक्ष दिली असती."

"म्हणून तर त्याचं नाव घेतलंत," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर बारा वाजता, खाडी काठोकाठ, त्यानं होडी धक्क्याला लावली. मशीन चढवलं. इंजिनाच्या डायनामोवर चालू केलं. तापू नये म्हणून चारी बाजूंनी बर्फ. कळव्याच्या पुलाखाली आलो आणि पडद्यावर प्रश्न आला: जुनं कार्ड ठेवायचं, हो की नाही? माझे दोन्ही हात बर्फात! तेवढ्यात खाडीतून एक निवटी मासळी उडाली आणि बरोबर 'हो'च्या बटणावर पडली."

"निवटीला इंग्लिश येतं?" महिपत म्हणाला.

"ठाण्याच्या बाजूनं आलेली होती."

हशा ओसरेपर्यंत मी पाणी प्यायलो. मग सांगितलं, की संध्याकाळी फ्लॉपी घेऊन डोंबिवली गाठली, घरच्या मोडेमवरून पुरावा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: एक जण वापरतोय ना, मग राहू द्या. सपोर्ट सव्वा वर्ष राहिला. गेल्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आपलं नवं मशीन ठरलं होतं, म्हणून मीच कळवलं की आता काढा.

"तर मंडळी, मशीन वाचवलं ते मी, एकट्यानं. ही सिस्टिम इथं कळते ती फक्त मला. जनाबाईंनी बटणं दाबली, ती काय निवटीनंही दाबली. खुशाल गुणाजीला बसवा, मी त्याला शिकवीन."

शेवटचा बाक करकरला.

"गोकुळाष्टमी म्हणालात ना, अण्णा?" जनाबाई उभी राहिली होती.

"हो."

"भिवादादा, आठाची पाऊणपट किती?"

"सहा," भिवा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून बघू लागला.

"भरती सहाला. म्हणजे बाराला ओहोटी. धक्क्याखाली चिखल असतो तेव्हा. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या असतील, होडी कुठून येईल? त्या आठवड्याचा तक्ता मीच काढलेला. मशीन इथंच होतं, या टेबलावर, लाइटपण होती. आणि सहा तास नाही, दोन दिवस चाललं ते. हो की नाही, हो की नाही, दोनशेच्या वर प्रश्न विचारलेत त्यानं, एकेक वाचून मी उत्तर दिलंय. तीनदा अडकलं, तीनदा पहिल्यापासून लावलं. फ्लॉपी घेऊन डोंबिवलीला तुमच्या घरी मी गेलेले. सरोजवहिनींनी दार उघडलं, मोडेम मी लावला, मेल मी धाडली. खाली नाव माझं आहे, काढून बघा."

महिपतनं फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

"आणि तुम्ही," जनाबाई म्हणाली, "तुम्ही टिटवाळ्याला गणपतीला गेलेलात. खोटं बोलताय तुम्ही, अण्णा!"

"तुम्ही बोलावं म्हणूनच," मी म्हणालो आणि खोक्यासमोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.