पाडव्याला चढवलेली पाटी

मी एक पाटी. सध्या ग्लासगोतल्या एका बंद दुकानात भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शिक्षा म्हणाल तर शिक्षाच, पण गुन्हा माझा नव्हे बरं!

माझा जन्म इंग्लंडमधल्या लीड्सचा. तिथल्या मराठी मंडळींच्या 'जिव्हाळा ट्रस्ट'चं नाव माझ्यावर रंगवलंय. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना शनिवारी गरम वरणभात वाढायचा, हे ट्रस्टचं काम. वर्षातून एकदा मंडळी ग्लासगोला हॉल घेऊन जेवण घालायची, तेव्हा मीही डिकीतून जायची. तिथले कमलाकरकाका निवृत्त डॉक्टर, बायको गेल्यापासून एकटे. दरवेळी विचारायचे, "अहो, इथे कायमचं कधी करताय?"

ट्रस्टचे शशिकांत मनाचे मोठे आणि तितकेच हट्टी. त्यांनी ग्लासगोला दुकान भाड्यानं घेतलं, पाडव्याचा मुहूर्त गाठून मला दारावर चढवलं, वर हार घातला. मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात देविका आली. इथेच जन्मलेली, व्यवसायानं वकील.

"काका, इथला रजिस्ट्रेशन झाला?"

"लीड्सचं आहे की! देश एकच ना?"

"एक दिवस हॉल घेणं इज फाइन, काका. पण परमनंट जागा घेतली की स्कॉटलंडमध्ये वेगळं रजिस्टर करायला लागतो. ते आधी, मग ओपनिंग."

"अगं, पण मुहूर्त?"

"सॉरी, काका."

मला उतरवून शशिकांतांनी माझ्यावरचा हार अलगद काढून पिशवीत ठेवला. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

मग अर्ज झाला, महिने गेले. दर शनिवारी कमलाकरकाका दाराशी यायचे. मला दिसत नसे, पण आवाज ऐकू येई.

"अजून नाही, काका," देविका म्हणायची.

"असू दे गं. मला कुठे घाई आहे!"

काल नोंदणी झाली. शशिकांतांनी सगळ्यांत आधी काकांनाच फोन लावला. तो त्यांच्या मुलीनं उचलला, लंडनच्या ईलिंगहून. काका घरात पडले होते, म्हणून गेल्याच आठवड्यात तिनं त्यांना कायमचं आपल्याकडे नेलं. शशिकांत फोन ठेवून माझ्याशेजारी खालीच बसले.

उद्या मला पुन्हा चढवतील. या वेळी कुणी मुहूर्त बघितलेला नाही. नव्या मुलखात दार उघडणाऱ्यांनो, आधी तिथे रीतसर नाव नोंदवा, मग हार आणा. पाडवा दरवर्षी येतो हो. काका आता यायचे नाहीत.