खारीतला अर्जुन

गुणवंतरावांचं हृदय अशक्त झालंय असं निदान झालं, तेव्हा त्यांची मुलगी कृतिका खारी गावातल्या विमलाबाईंकडे गेली. विमलाबाईंच्या दारात सासऱ्यांनी लावलेलं अर्जुनाचं झाड होतं. त्याची साल दुधात उकळून प्यायली की छातीला बळ येतं, असं गावात मानत. विमलाबाईंनी कोयत्याने तळहाताएवढी साल काढली, उघड्या खोडावर शेणमाती लिंपली आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायला बजावलं.

पावसाळा सरेपर्यंत गुणवंतराव जिने चढू लागले. आनंदाच्या भरात कृतिकाने सोसायटीच्या ग्रुपवर झाडाचा फोटो आणि पत्ता टाकला. गोळ्यांबद्दल लिहिलं नाही.

विमलाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मुर्ध्याला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा लोकांनी चाकू-सुऱ्यांनी खोड चहूबाजूंनी सोलून नेलं होतं. झाड हळूहळू वाळत गेलं. कृतिकाला ते रिक्षातून दिसलं आणि तिने तो रस्ताच सोडला. पण जेवताना, वडिलांना गोळ्या देताना ते खोड डोळ्यांसमोर येई. शेवटी ती विमलाबाईंकडे गेली.

विमलाबाई ओटीवर सुकट निवडत होत्या.

"काकी, फोटो मी टाकला होता."

त्यांनी मान वर केली नाही. "तुजा बापूस कसा हाय?"

"बरे आहेत."

त्यांनी सुकटीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "झाडाचं ऱ्हाऊ दे. तुमच्या बिल्डिंगीतला एक शिवदास परवा आनखी साल मागाया आलता. आता साल मिलाली, गोल्या सोरल्या म्हनत व्हता. आधी त्याला बघ."

कृतिका तशीच निघाली. शिवदास बी विंगमध्ये राहत होते. त्यांच्या बायकोने, शांतीने दार उघडलं. ते उशांना टेकून बसले होते, पाय सुजलेले, धड बोलताही येत नव्हतं. कृतिकाने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

चार-पाच दिवसांनी शिवदास उठून बसले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, या पोरीने मला वाचवलं. कृतिकाला ते ऐकवेना. तिने शांतीला बाहेर बोलावलं आणि तो मेसेज कोणाचा होता, त्यात काय लिहायचं राहिलं, ते सांगितलं.

शांतीने सगळं ऐकून घेतलं. "त्यांना आत्ताच सांगू नकोस," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कृतिकाने तिथेच बाकावर बसून ग्रुप उघडला आणि राहिलेलं लिहायला घेतलं.