सम्यकच्या हाताची सवय

मोरीतल्या नळानं फुस्स केलं आणि दुपारची गप्प पडलेली खोली दचकली. आठ दिवसांनी पाणी येत होतं. आधी नुसती हवा, मग लालसर गुळणी, मग धार. सुलेखा खुर्चीतून अर्धी उठली.

"तू बस," तिची आई, मुक्ताबाई, आतून म्हणाल्या. "हंडे मी भरते. तुझं ते खोकं बंद करू नको."

खोकं म्हणजे स्टुडिओचं मशीन. पुंडलिकनगरातल्या या दोन खोल्यांत ते सम्यकमुळं आलं होतं. सम्यक सुलेखाचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओचं कंपोझिटिंग तो घरी बसून करायचा. सिनेमात हवेत उडणाऱ्या माणसाच्या पाठीची तार पुसायची, मागच्या भिंतीवरचा डाग झाकायचा, दोन चित्रं एकमेकांवर अशी बसवायची की शिवण दिसू नये. दिवाळीच्या आधी त्याला ताप आला. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी सम्यक नव्हता. त्यालाही आता सव्वा महिना झाला होता.

सम्यकच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला स्टुडिओचे राजेंद्र सर आले होते. जाताना दारात चपला घालता घालता, खाली बघतच म्हणाले, "मशीन स्टुडिओचं आहे, ताई. घाई नाही. पण न्यावं लागेल."

संध्याकाळी मुक्ताबाई लेकीला म्हणाल्या, "त्या खोक्याचा पंखा घरघरत असला ना, की भाकरी थापताना वाटतं, पोरगं आत बसलंय कामाला. ते नेलं तर मी ह्या घरात काय ऐकू गं?"

दुसऱ्याच दिवशी सुलेखानं सरांना फोन केला. लग्नाआधी तिनं ॲनिमेशनचा डिप्लोमा केला होता, वर्षभर असलं कामही केलं होतं. मग मितू झाली आणि सगळं राहून गेलं. "त्याचं काम मला द्या," ती म्हणाली. सर म्हणाले, "बारा शॉट देतो. सोमवारी सुरू करा, शुक्रवारी संध्याकाळी हवेत. जमलं तर मशीन तिथंच राहील. नाही जमलं तर..." पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

म्हणून हा सोमवार. नवरा चितेगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला. सासरची जेवणं उरकायची, भांडी घासायची, पाच वर्षांच्या मितूला रिक्षात घालायचं आणि माहेर गाठायचं. मितू आजीच्या पलंगावर झोपली की दोन ते पाच एवढा वेळ सुलेखाचा. तोही पाण्यानं, पाहुण्यानं, मितूच्या खोकल्यानं कुरतडलेला.

तिनं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी आणि त्यांना जोडणारे दोरे. एकेक चौकट म्हणजे एकेक काम. एक पुसते, एक धूसर करते, एक रंग जुळवते. हवी ती चौकट झटकन आणायला सॉफ्टवेअरला वरून जोडलेली एक सोय होती, तिला लाँचर म्हणतात. एप्रिलात सम्यकनंच तिला ती दाखवली होती.

"ताई, मेनूत काय पायऱ्या चढत बसतीस? टॅब दाब, एक-दोन अक्षरं मार, एन्टर. झालं. आणि ऐक, हे लाँचर लई चाप्टर आहे, शिकतं. जे सारखं मागशील ते वर आणून ठेवतं."

"म्हणजे तुझ्या सगळ्या खोडी ह्याला माहीत."

"व्हय. आईला सांगत नाय, एवढंच बरं."

आज तिनं टॅब दाबलं. पडद्याच्या मधोमध एक बारकी पट्टी उघडली. तिनं नुसता डी मारला. खाली नावांची यादी आली, सगळ्यांत वर डॉट. सुलेखाला नवल वाटलं. डॉटनं चित्राचं काहीच होत नाही. दोरे तिरके जाऊ नयेत, म्हणून त्यांना मारायची ती एक गाठ. ओला टॉवेल पलंगावर फेकणारा हा मुलगा इथं मात्र दोरे सरळ करत बसायचा.

एस मारला. वर आलं स्टिकीनोट, म्हणजे पिवळी चिठ्ठी. तिनं त्याची जुनी कामं उघडून पाहिली, तर चौकटीचौकटीशेजारी चिठ्ठ्या. त्याच्यानंतर ते काम जो कुणी हाती घेईल, त्याच्यासाठी लिहिलेल्या. "भावा, इथं सावली सुटलीय. मी जेवून येतो, तवर तू बघ." "बाईच्या कानातल्याला हात लावू नको, त्याच्यात माझे दोन दिवस गेलेत." सुलेखा हसली, आणि हसता हसताच तिला पदर तोंडावर धरावा लागला. मितू झोपली होती.

टी मारला, ट्रॅकर. आर मारला, रोटोपेंट, तारा पुसायचा ब्रश. जे अक्षर विचारावं त्याचं उत्तर तो आपल्या परीनं देत होता. जणू शेजारच्या खोलीतून, मान वर न करता.

मग तिच्या ध्यानात आलं. आपण एन्टर दाबलं, की हे शिकणार. आपल्याला. आणि त्याला विसरणार.

तिनं एस्केप दाबलं. आणि त्या दिवसापासून प्रत्येक चौकट ती माऊसनं, मेनूत शोधून आणू लागली. तारा पुसताना एकेका शॉटला शंभर-दीडशे वेळा पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. लाँचर ती उघडायची, पण नुसतं अक्षर मारून बघायला. बघितलं की एस्केप.

बुधवारी चार वाजता राजेंद्र सरांचा फोन आला. "सुलेखाताई, तीन दिवसांत तीन शॉट आलेत. काम स्वच्छ आहे, पण असं चाललं तर... मेनूतनं शोधताय का?"

"हो."

"अहो, लाँचर आहे ना त्याच्यात?"

"आहे. पण ती यादी त्याची आहे, सर. मी वापरलं तर मोडेल."

पलीकडून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, मग सरांचा घसा खाकरल्याचा आवाज. "ताई, त्याची एक फाइल असते. कुठं ते सांगतो, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा."

"म्हणजे यादी तशीच राहील?"

"फाइल राहील. मशीनमधली यादी अलीकडचं धरते. दोन दिवसांत तुमचा हात ओळखेल."

"आणि परत त्याची आणायची म्हटलं तर?"

"येईल की. पण मग तुमची यादी जाईल, काम अडेल. मला शुक्रवारच्या पुढं मालकांना थोपवता येणार नाही, ताई. नाहीतर थोपवलं असतं."

तिनं फाइल घेतली, उघडून पाहिली. एकाखाली एक नावं आणि त्यांच्यापुढं आकडे, विजेच्या मीटरचे असावेत तसे. डॉटपुढं एक आकडा, ट्रॅकरपुढं एक. तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. त्यात तो कुठंच नव्हता. विचारल्याशिवाय तो बोलत नव्हता, आणि फाइलला काही विचारता येत नव्हतं.

मुक्ताबाई दळण घेऊन आल्या. डबा टेकवून उंबऱ्यापाशी बसल्या, धाप लागली होती.

"आई, हे मशीन इथं राहावं म्हणून त्याच्यातलं सम्यकचं काही पुसावं लागलं तर?"

"काय पुसायचंय?"

"त्याच्या हाताची सवय."

मुक्ताबाईंनी पायांकडं बघितलं. पायात सम्यकच्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. "ह्या घालून मी गिरणीत जाते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी अंगठ्याचा खड्डा त्याचा होता. पाय ठेवला की कळायचं. आता माझा पडलाय. लई जपून चालले गं. तरी पडलाच." मग चपला काढून त्यांनी भिंतीकडं सरकवल्या. "मशीन नको जाऊ देऊ."

गुरुवारी सुलेखानं टॅब दाबलं, टी मारला, बाणानं एक नाव खाली उतरली आणि एन्टर दाबलं.

काम पळायला लागलं. ट्रॅकरनं हलत्या चित्रावरचा ठिपका धरून ठेवायची सम्यकची हातोटी तिला नव्हती. ती ट्रान्सफॉर्म घ्यायची आणि तार झाकणारा तुकडा दर फ्रेमला हातानं सरकवायची, लेकराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा. टी, खाली बाण, एन्टर. टी, खाली बाण, एन्टर. साडेचारच्या सुमाराला तिनं टी मारला, सवयीनं बाण दाबला, आणि भलतीच चौकट आली. ट्रॅकर. ट्रान्सफॉर्म वर गेलं होतं आणि ट्रॅकर एक पायरी खाली उतरून उभा होता.

तिनं हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले. मोरीत नळ कोरडा होता. पंखा घरघरत होता. आई स्वयंपाकघरात, सम्यक घरात असल्यासारखी, शांत भाजी निवडत होती.

मग तिनं ती चौकट पुसली आणि पुन्हा टॅब दाबलं.

शुक्रवारी डी मारल्यावर डॉट आलं नाही. एसला चिठ्ठी आली नाही. साडेचारला बारावा शॉट गेला. पाचला सरांचा फोन आला. "दोन ठिकाणी कडा दिसतात, त्या सोमवारी करू. मशीन राहू द्या. पुढचे पंधरा पाठवतो."

"राहिलं, आई," सुलेखा म्हणाली.

मुक्ताबाईंनी परातीत पीठ ओतलं. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, पंख्याच्या घरघरीसोबत.

मितू डोळे चोळत आली आणि मांडीवर चढली. मामा लांब कामाला गेलाय, असं आजीनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आणि ते मागं घ्यायचं धाडस अजून कुणाला झालं नव्हतं.

"मी दाबू, मम्मी?"

"दाब. हे टॅब. आता हा टी."

यादी उघडली. मितूनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे वरचं का आलं?"

"मी सारखं तेच मागते ना, म्हणून. मशीनला माझ्या हाताची सवय झाली."

"आणि मामाच्या?"

"मामाची होती आधी." सुलेखानं तिच्या केसांतली निसटलेली क्लिप काढली. "दोन दिवसांत विसरलं ते."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

मितूनं यादीवरून बोट वरून खाली फिरवलं. "मग मामा आला, की त्याला परत पहिल्यापासून शिकवावं लागंल का ह्याला?"